संयंत्र बसले, आता निगा कोण राखणार?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



दरवर्षी बॉयलर अग्निप्रदीपन होते, मग गव्हाणीत मोळी पडते. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, फोटो निघतात. पण मोळी पडली म्हणजे हंगाम पार पडला, असे आपल्यापैकी कोणीही म्हणत नाही. खरे काम तिथूनच सुरू होते. गाळप संपले की मिल उघडतात, रोलर तपासतात, बॉयलरच्या नळ्या साफ करतात. एक टन उसामागे साधारण 280 ते 300 किलो बगॅस मिळतो, आणि कारखान्याची वाफ व वीज त्याच्यावर चालते ती या निगेच्या जोरावर. बगॅस ही देखील अपारंपरिक ऊर्जाच आहे. तेव्हा ही ऊर्जा आपल्याला नवी नाही, आणि निगेवाचून ती चालत नाही हेही नवे नाही.

मग घरी गोबरगॅस आणि गावात सौरदिवे बसविताना हा धडा आपण का विसरतो, असा माझा प्रश्न आहे.

गोबरगॅसचेच घ्या. 1981-82 मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला. 1984 मध्ये कमी खर्चाचा, विटांच्या घुमटाचा दीनबंधू नमुना पुढे आला. महाराष्ट्राने या कामात चांगली आघाडी घेतली होती. त्यातली काही संयंत्रे आजही चालू आहेत. पण गावोगाव फिरताना गोठ्यामागे बंद पडलेली संयंत्रेही दिसतात. कुठे घुमटावर कडबा रचलेला, कुठे लोखंडी टाकी गंजून गेलेली. विचारले तर उत्तर ठरलेले, "साहेब, ते काही चाललं नाही."

चालले नाही म्हणजे काय झाले? हिशेब साधा आहे. 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. एका जनावराचे शेण सरासरी 10 किलो धरले तर दावणीला चार-पाच जनावरे हवीत. पुढे ट्रॅक्टर आला, बैल गेले, एक म्हैस उरली. पोटाला निम्मे घालून कामाला पुरे लावले तर बैलसुद्धा बसतो, मग संयंत्र कसे चालेल? कुठे गॅसच्या नळीत पाणी साचले, ते कोणी काढले नाही. कुठे गोठा धुतलेले फिनेलचे पाणी आत गेले आणि गॅस तयार करणारे जिवाणूच मेले. कुठे शेगडीचे छिद्र बुजले. यात शास्त्र खोटे ठरले असे काही नाही. शास्त्र आपल्या जागी बरोबर आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. रोज शेण कालवायचे काम घरातल्या बाईच्या माथी पडते. तिच्या मागे धारा, स्वयंपाक, पोरांची शाळा, शिवाय भांगलण. स्लरीचा फायदा मात्र मालकाच्या उसाला. ज्या घरात हे काम बापयांनी वाटून घेतले नाही, तिथे सिलिंडर आल्याबरोबर गोबरगॅस सुटला, यात नवल नाही. म्हणून संयंत्र मागण्यापूर्वी घरात बसून ठरवा, शेण कोण कालवणार? नाव ठरत नसेल तर अर्ज करू नका.

ज्याच्याकडे चार-पाच जनावरे आहेत आणि माणूसही आहे, त्याने मात्र जरूर बसवावे. पुरे शेण पडले तर असे संयंत्र महिन्याला सुमारे दीड सिलिंडरचे काम करते. पण माझ्या लेखी त्याहून मोठा नफा स्लरीचा. शेणाची गोवरी जाळली की त्यातले नत्र धुरावाटे जाते. गोबरगॅसमध्ये जळते फक्त गॅस. नत्र, स्फुरद, पालाश स्लरीत राहतात आणि तणाचे बीही बरेचसे मरते. खोडव्यात पाचट न पेटवता सरीत ठेवले, टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट व 1 किलो जिवाणू संवर्धक टाकले आणि वर ही स्लरी दिली, तर पाचट लवकर कुजते. आपल्या जमिनींना आज सेंद्रिय कर्बाची भूक आहे. ती निव्वळ पोत्यातल्या खताने भागणार नाही.

आता सौरऊर्जेकडे येऊ. 2024 मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू केली. तीत घराच्या छपरासाठी पहिल्या 2 किलोवॅटला किलोवॅटमागे 30,000 रुपये आणि 3 किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचाला एकूण 78,000 रुपये अनुदान जाहीर झाले. अनुदान मोठे दिसते म्हणून संचही मोठा घ्यावा असे नाही. आपल्याकडे 1 किलोवॅट संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे 4 युनिट वीज देतो आणि त्याला जवळपास 100 चौरस फूट जागा लागते. वर्षभराची बिले पुढ्यात ठेवा आणि मगच आकार ठरवा. दुसरे असे, की बॅटरी नसलेला संच लाइट गेली की बंद होतो. लाइनवर चढलेल्या वायरमनच्या जिवाला धोका नको म्हणून तशी योजनाच केलेली असते. हे आधी माहीत नसले की पहिल्याच लोडशेडिंगला माणूस म्हणतो, फसवलं!

घरच्या संचाला निदान मालक असतो. खरी अडचण सार्वजनिक इमारतींची. शाळा, ग्रामपंचायत, सोसायटी, सभामंडप यांवर पॅनेल चढतात, फीत कापली जाते. वर्षाने त्यावर धूळ आणि जळालेल्या पाचटाची काजळी बसते, बॅटरीत पाणी नसते, आणि चावी कोणाकडे हे कोणालाच ठाऊक नसते. सगळ्यांचे ते कोणाचेच नाही! असा एक संच बंद पडला की "सौर काही खरं नाही" हे साऱ्या गावाच्या तोंडी होते. हे नुकसान पैशाच्या नुकसानीहून मोठे आहे.

चांगली उदाहरणेही आहेत. पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. देहूच्या डॉ. मापुसकरांनी शौचालयाला जोडलेल्या गोबरगॅसचे काम एका गावात पाय रोवून वर्षानुवर्षे केले. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. अशी कामे उद्घाटनाच्या एका दिवसाने उभी राहत नाहीत.

माझे मत असे, की सार्वजनिक संच घेताना गावाने तीन गोष्टी आधी कागदावर आणाव्यात. पहिली, निगा राखणाऱ्याचे नाव. समितीचे नव्हे, माणसाचे. दुसरी, वाचलेल्या वीजबिलातून ठराविक रक्कम दरवर्षी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवण्याचा ठराव. तिसरी, दर महिन्याच्या युनिटची नोंद आणि ती नोटीस बोर्डावर. आणि पहिली पसंती वर्षातून चार लग्ने होणाऱ्या सभामंडपाला न देता गावच्या पाणीयोजनेला द्यावी. दिवसा ऊन असताना पाणी उपसावे आणि टाकी भरून ठेवावी. उंचावरची टाकी हीच आपली बॅटरी, तिला ना ॲसिड लागते ना बदलावी लागते.

काही सभासद म्हणतील, कारखान्याने फिटर द्यावा. गावोगाव फिटर देणे कारखान्याला झेपणार नाही. पण प्रत्येक गटातून दोन तरुण निवडावेत, त्यांना गोबरगॅस आणि सौर संचाच्या दुरुस्तीचे शिक्षण मिळावे, आणि त्यांची मजुरी काम करवून घेणाऱ्याने द्यावी, एवढे निश्चित जमेल. वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय जरूर मांडावा.

लागण केली आणि पाणी-खताला फिरकलोच नाही, तर ऊस येतो का? संयंत्राचेही तसेच आहे. अनुदान हे बेणे समजा. पुढची मशागत आपलीच.