नावं दोन, फाइल एकच?

पुण्यात नवीन आलेल्या माणसाला एकजण सांगतो "लकडी पुलावरून जा", दुसरा सांगतो "संभाजी पुलावरून जा". तो बिचारा दोन पूल शोधत बसतो. पूल एकच! आता त्या माणसाच्या जागी आपला प्रोग्रॅम ठेवा आणि पुलाच्या जागी फाइल.

दोन पाथ दिलेत, ते एकाच फाइलचे आहेत का? प्रश्न इतका सोपा वाटतो की बहुतेक मंडळी दोन्ही स्ट्रिंग्ज घेतात, जास्तीचे स्लॅश आणि डॉट-डॉट काढून टाकतात, तुलना करतात आणि मोकळे होतात. माझं मत अगदी स्पष्ट आहे. कोड रिव्ह्यूमध्ये असं काही दिसलं की तिथेच अडवावं. "आपल्याकडे चालतंय की" हे उत्तर ऐकून घेऊ नये.

एवढं काय बिघडतं? समजा, डुप्लिकेट फोटो काढून टाकणारा छोटासा प्रोग्रॅम तुम्ही लिहिलात. त्याला दोन फोल्डर दिले, पण त्यातलं एक म्हणजे दुसऱ्याकडे नेणारी सिम्बॉलिक लिंक आहे. पाथ वेगळे, आतला मजकूर अर्थातच तंतोतंत सारखा. प्रोग्रॅम म्हणणार "डुप्लिकेट सापडली" आणि उडवणार. उडाली ती एकुलती एक प्रत. कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, कायमचे.

बरं, साफसफाई करूनही भागत नाही. वाटेत सिम्बॉलिक लिंक असेल तर डॉट-डॉट म्हणजे लिंक जिथे नेते तिथलं वरचं फोल्डर. नुसती अक्षरं खोडली तर पाथ भलत्याच फाइलकडे जाऊ शकतो. शिवाय विंडोज आणि मॅकवर डीफॉल्ट सेटिंगमध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक धरत नाहीत, लिनक्सवर सहसा धरतात.

आणि आपली मराठी! 'साताऱ्याचे फोटो' असं फोल्डर करा. त्यातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे अख्खं एकच चिन्ह, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम फक्त बाइट्स बघते, म्हणून तिथे ही दोन वेगळी फोल्डर्स होतात. मॅकवर मात्र एकच. म्हणजे स्ट्रिंगची तुलना एका मशीनवर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक!

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर गिटची गोष्ट ऐका. गिट आपली स्वतःची माहिती 'डॉट गिट' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि बाहेरून आलेल्या रिपॉझिटरीत त्याच नावाचं काही असेल तर ते नाकारतं. पण कुणी मुद्दाम त्या नावातलं एक अक्षर कॅपिटल केलं तर? स्ट्रिंग वेगळी, म्हणून गिट म्हणणार, येऊ द्या. विंडोज आणि मॅकवर मात्र ती फाइल थेट खऱ्या फोल्डरात जाऊन बसायची, आणि त्यातून तुमच्या मशीनवर परक्याच्या कमांड्स चालू शकायच्या. डिसेंबर २०१४मध्ये घाईने नवी व्हर्जन्स काढून हे भोक बुजवावं लागलं. गिट लिहिणारे काही नवशिके नव्हेत.

मग करायचं काय? नावाला विचारू नका, ऑपरेटिंग सिस्टिमला विचारा. युनिक्सच्या घराण्यात 'स्टॅट' हा कॉल प्रत्येक फाइलचा डिव्हाइस नंबर आणि आयनोड नंबर देतो. दोन्ही जुळले तर फाइल एकच. फक्त आयनोड बघून चालत नाही, कारण दुसऱ्या डिस्कवर तोच नंबर असू शकतो. विंडोजवर याच कामाला व्हॉल्यूमचा सीरियल नंबर आणि फाइल आयडी आहे. हे हाताने लिहायचीही गरज नाही. पायथनमध्ये 'सेमफाइल' आहे, जावामध्ये 'इज-सेम-फाइल', सी प्लस प्लसमध्ये 'इक्विव्हॅलंट'. एका ओळीचं काम.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पहिली, हार्ड लिंक. तिथे एकाच फाइलची दोन नावं असतात आणि दोन्ही तितकीच खरी, त्यात मूळ कुठलं हा प्रश्नच नाही. एक नाव पुसलं तरी फाइल शाबूत राहते, पण डिस्कवर जागा मात्र रिकामी होत नाही. म्हणून फाइल एकच आहे हे कळल्यावरही पुसायचं की नाही, हा विचार वेगळा करावा लागतो. दुसरी, वेळ. तुम्ही विचारलंत तेव्हाचं उत्तर पुढच्या क्षणी खरं असेलच असं नाही. पत्ता तोच, भाडेकरू बदललेला! म्हणून महत्त्वाच्या कामात दोन्ही फाइल्स आधी उघडा, उघड्या असतानाच नंबर तपासा आणि पुढचं लिहिणं-वाचणं त्याच हँडलवरून करा.

फाइल अजून जन्मालाच आली नसेल, तर नंबर कुठून आणणार? अशा वेळी निदान वरचं फोल्डर या पद्धतीने ओळखा आणि नावाची तुलना फक्त शेवटच्या तुकड्यापुरती ठेवा. तिथे धोका उरतो, पण लहान.

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की तुमच्या कोडमध्ये पाथची तुलना कुठेकुठे केली आहे ते जरा शोधा. आणि टेस्टमध्ये साताऱ्याचं एक फोल्डर जरूर टाका :-)