अडले आहे ते फाँटपाशी नव्हे!

‘आमच्या पडद्यावर मराठीच्या जागी नुसत्या चौकटी दिसतात,’ ही सबब सीमाभागातील मराठी माणसाने आता ऐकून घेऊ नये. जिथे अनेक टर्मिनल एकाच सर्व्हरवर चालतात, तिथे टेबलाटेबलावर जाऊन फाँट बसवावा लागत नाही. सर्व्हरवर एकदा युनिकोड फाँट टाकला की साऱ्या पडद्यांवर अक्षरे उमटतात. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. ‘लोहित देवनागरी’ फुकट मिळतो. मग खर्च कसला आणि अडचण कसली? राज्यघटनेचे कलम ३५० मराठीतून गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते. त्याला फाँटची अट नाही. अडले आहे ते इच्छेपाशी. बांधवांनो, अर्ज मराठीतच द्या, पोच घ्या आणि फाँट कधी बसवणार, ते लेखी विचारा!