निर्विकार चेहऱ्याचा भरवसा

६ एप्रिल १९८६ रोजी गोव्यातील पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ उपाहारगृहात मुंबईचे पोलीस निरीक्षक मधुकर झेंडे यांनी चार्ल्स शोभराजला पकडले. तीन आठवड्यांपूर्वी वाढदिवसाचे निमित्त साधून, गुंगीचे औषध घातलेली मिठाई पहारेकऱ्यांना खिलवून तो तिहारमधून निसटला होता. देशभरचे पोलीस मागावर असताना मनुष्य चारचौघांत जेवायला बसतो, याचा अचंबा वाटतो. दिवसाची रोकड दहा रुपयांनी जुळली नाही तर डोळा न लागणारी आम्हां बँकवाल्यांची जात!

शोभराजला अनेकांनी ‘सायकोपॅथ’ ठरवले आहे. वर्तमानपत्री निदानाला मी निदान मानीत नाही. परंतु अशा व्यक्तींना चिंता नसतेच का, हा प्रश्न उरतो.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्वे क्लेक्ली यांनी १९४१ च्या ग्रंथात या व्यक्तिमत्त्वाची लक्षणे नोंदवली. वरकरणी मोहकता व पश्चात्तापाचा अभाव यांच्या जोडीला अस्वस्थतेचा अभावही त्यांत होता. १९५७ मध्ये डेव्हिड लिकन यांनी तो पडताळून पाहिला. विशिष्ट चुकीचा खटका दाबल्यास विजेचा झटका बसे. इतर माणसे ती चूक टाळू लागली. क्लेक्लींच्या वर्णनात बसणारे कैदी मात्र त्या मानाने फारच कमी शिकले. शिक्षेचा धसका त्यांच्या मनात रुजतच नव्हता.

प्रकरण येथे मिटत नाही. बेन कार्पमन यांनी दुसरा प्रकार सांगितला होता : वागणे तितकेच विघातक, पण आत भावनांचा कल्लोळ आणि चिंता. रॉबर्ट हेअर यांच्या २० मुद्द्यांच्या, ४० गुणांच्या प्रसिद्ध तपासणीसूचीत तर ‘चिंतेचा अभाव’ हा मुद्दाच नाही. पुढील संशोधनातही भावनाशून्यतेचा चिंतेशी संबंध उलटा, तर उतावीळ, बेजबाबदार वर्तनाचा बहुधा सुलटा आढळला. म्हणजे चिंता असणे वा नसणे, दोन्हींवरून माणूस ओळखता येत नाही.

आपल्या इतवारीत भागीदार किंवा जावई पारखताना ‘थंड डोक्याचा’ हे प्रशस्तिपत्र समजले जाते. कर्जविभागात मी पाहिले ते निराळेच. पहिल्यांदा कर्ज मागताना घाम पुसणारा दुकानदार हप्ता चुकवीत नसे. आणि थकबाकीची नोटीस हातात असताना शांतपणे चहा मागवणारे गृहस्थही भेटले. त्यांना मी सायकोपॅथ म्हणणार नाही. परंतु जामीनदार आणि मालसाठ्याची तपासणी हे नियम चेहऱ्यावर विसंबू नये म्हणूनच केलेले असतात.

याची दुसरी बाजू घरात दिसते. ‘माझ्या हातून कुणाला इजा तर होणार नाही ना’ अशा नकोशा विचाराने एखादा तरुण कासावीस होतो, मोबाईलवर वाचून स्वतःलाच ‘सायको’ समजू लागतो आणि घरचेही धास्तावतात. असे विचार पुष्कळदा चिंतेच्या, मंत्रचळाच्या विकारात येतात. त्यांचा त्याला होणारा त्रासच बरेच काही सांगून जातो. त्यावर उपचार आहेत. आपल्या मेडिकलमध्ये मनोविकार विभाग आहे. मुलाला तेथे नेताना ‘लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील’ हा हिशेब तूर्त बाजूला ठेवावा.