आधी ठेव, मग कर्ज

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरसारख्या बाजारगावात गरिबांच्या पतपुरवठ्याचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेले: हातावर पोट असलेला माणूस शिल्लक काय टाकणार, त्याला स्वस्त कर्ज द्या! यात कळवळा आहे, हिशेब नाही.

गरीब शिल्लक टाकत नसता तर भिशी कोणाच्या जोरावर चालली असती? सिंडिकेट बँकेने १९२८ साली उडुपीत रोज दोन आण्यांची पिग्मी सुरू केली, ती काय जमीनदारांसाठी?

आता स्वस्ताईचे. दहा हजारांचे कर्ज वर्षभर आठवडी हप्त्यांनी फेडले, तर १२ टक्के आणि २४ टक्के व्याजात फरक पडतो सुमारे सहाशे रुपयांचा. म्हणजे आठवड्याला बारा रुपये. बँकेच्या दोन-तीन खेपांत बुडालेली मजुरी याहून जास्त भरते. हजार लिहून नऊशे हातावर ठेवणारा आणि संध्याकाळी हजार वसूल करणारा सावकार टिकतो, तो जागेवर येतो म्हणून. दारात जाण्याचा खर्च व्याजातून भागला नाही, तर संस्था अनुदान संपताच गाशा गुंडाळते आणि सावकार पुन्हा हजर.

याच सातारा जिल्ह्यात, म्हसवडला, चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. प्रवर्तक बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला होता. बायका लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमचे साहेब यंत्राविना काढतील का? परवाना मिळाला. मजुरी बुडवून बायका बँकेत येऊ शकत नाहीत, हे दिसल्यावर बँकच त्यांच्या दारी गेली.

मग मायक्रोफायनान्स कंपन्याही दारात येतातच की, असे कोणी म्हणेल. येतात, पण त्यांना ठेवी घेण्याची मुभा नाही. त्यामुळे आजारपण असो की लग्न, त्यांच्याकडे उत्तर एकच, नवे कर्ज. एका कर्जाच्या हप्त्यासाठी दुसरे कर्ज, याचे टोक आंध्र प्रदेशाने २०१० सालच्या मायक्रोफायनान्स संकटात पाहिले.

म्हणून ठेव आधी, आणि तीही सुरक्षित. बँकेतल्या, अगदी सहकारी बँकेतल्याही, ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. भाजीवालीची पिग्मी मात्र बहुधा पतसंस्थेतच जाते. कर्जमाफीसाठी मोर्चे निघतात. या विम्यासाठी निघालेला मोर्चा निदान मी तरी पाहिलेला नाही.