भाऊसाहेबांची थकबाकी

27 डिसेंबरची जयंती आली की अमरावतीत पुतळ्याला हार पडतात आणि अकोल्यात कृषी विद्यापीठाच्या आवारात ‘ॲग्रोटेक’ कृषी प्रदर्शनाचे मांडव उभे राहतात. डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांच्या नावाला वऱ्हाडात तोटा नाही. अकोल्याचे विद्यापीठ त्यांच्या नावाचे, अमरावतीचे वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्या नावाचे, वसतिगृहाचा निर्वाह भत्ता त्यांच्या नावाचा आणि पीककर्जावरची व्याज सवलतही त्यांच्याच नावाची. यातल्या शेवटच्या योजनेकडे जरा नीट पाहायला हवे.

3 लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडा, व्याजाचा भार सरकार उचलेल, असे ती सांगते. चांगलीच गोष्ट. पण खारपाणपट्ट्यात, दर्यापूर किंवा मूर्तिजापूर तालुक्यात, बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली आणि सोयाबीन ऐन सोंगणीच्या वेळी पावसात सापडले, तर मुदत पाळणार कोण? तारीख टळली की शेतकरी थकीत. थकीत झाला की सवलत गेली आणि नवे कर्जही अडले. मग बियाणे कृषी केंद्रातून उधारीवर आणि वरखर्चासाठी सावकार. भाऊसाहेबांच्या नावाची योजना नेमकी त्याच्या दारातून परत फिरते, ज्याच्यासाठी भाऊसाहेब राजकारणात उतरले.

1898 साली अमरावती जिल्ह्यातल्या पापळला कुणब्याच्या घरात जन्मलेला हा मुलगा ऑक्सफर्डपर्यंत गेला तो वडिलांनी काढलेल्या कर्जाच्या बळावर. तिथे त्याने वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर डॉक्टरेट केली, बॅरिस्टर झाला. त्या काळी एवढ्या भांडवलावर नागपुरात किंवा मुंबईत आयुष्य सुखात गेले असते. भाऊसाहेब अमरावतीला आले. 1927 मध्ये ज्यांना देवळाबाहेर ठेवले होते त्यांच्यासाठी अंबादेवीचे दार उघडा म्हणून उभे राहिले. पुढच्या वर्षी जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या आणि प्राथमिक शाळांसाठी करही वाढवला. कर वाढवून लोकप्रिय राहिलेला पुढारी आज शोधून दाखवावा! 1932 मध्ये शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. तिच्या वर्गांतून बहुजनांच्या घरांत पहिली पदवी गेली. हल्ली मात्र संस्थेच्या वर्गांपेक्षा तिच्या निवडणुकीचीच चर्चा अधिक ऐकू येते.

पुढे संविधान सभा, तीनदा अमरावतीची खासदारकी, 1952 ते 1962 नेहरूंच्या मंत्रिमंडळात कृषी खाते, 1955 चा भारत कृषक समाज, दिल्लीतले जागतिक कृषी प्रदर्शन, हे सारे शाळकरी निबंधांतूनही येते. निबंधात सहसा न येणारी गोष्ट आहे ती कर्ज लवाद कायद्याची. मध्य प्रांत-वऱ्हाडात 1930 ला मंत्री झाल्यावर भाऊसाहेबांनी त्याचा पाठपुरावा केला आणि 1933 मध्ये तो आला. मंदीने कापसाचे भाव कोसळलेले, शेते सावकाराच्या घशात चाललेली. अशा वेळी सावकार आणि कुळाला मंडळापुढे समोरासमोर बसवायचे, खरे देणे किती ते ठरवायचे, तडजोड करायची आणि झेपतील असे हप्ते पाडायचे, अशी ती रीत. कायदा थकलेल्यासाठी होता. वेळेवर फेडणाऱ्याला त्याची गरजच नव्हती.

थकलेल्यासाठी कर्जमाफ्या आपण 2017 ला पाहिल्या, 2019 लाही पाहिल्या. त्या मुंबईत ठरतात, निकषांच्या चाळणीतून खाली येतात आणि बेकायदा सावकाराच्या वहीला त्यांचा हात लागत नाही. त्या वहीसाठी 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे; बळकावलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकाला आहे. पण तक्रार करायची ती गावातल्याच वजनदार माणसाविरुद्ध, आणि पुढच्या हंगामात पुन्हा त्याच्याच ओट्यावर बसायचे. म्हणून एकट्या तक्रारीवर हा प्रश्न सुटत नाही. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत प्रत्येक तालुक्याला लवाद मंडळ बसवा. त्यात बँक, सहकार खाते आणि शेतकऱ्यांचा माणूस असू द्या. थकीत खाती आणि खासगी देणी एकाच टेबलावर घ्या. आणि हप्ते खरिपाच्या पेरणीआधी ठरवा. सरकारला कायदा नव्याने लिहिण्याचा कंटाळा असेल, तर 1933 चा मसुदा दप्तरात आहेच.