किल्ली एकाच्याच कमरेला नको

विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश असंख्य स्वयंसेवकांच्या श्रमदानावर उभा आहे, हे आपण कौतुकाने सांगतो. परंतु लेख लिहिणाऱ्या हातांइतकेच त्यामागची संगणकीय अवजारे राखणारे हातही मोलाचे आहेत, याचा आपल्याला विसर पडतो. इंग्रजी विकिपीडियावरील नासधूस ओळखून ती आपोआप पुसणारा ‘क्लूबॉट एनजी’ हा सांगकाम्या स्वयंसेवकांनीच घडविला. २०११ साली तो अधूनमधून बंद पडला. नासधूस तेव्हाही अखेर दुरुस्त झाली; पण तिला जवळजवळ दुप्पट वेळ लागला, असे अभ्यासकांना आढळले.

विकिमीडियाच्या ‘टूलफोर्ज’ या व्यवस्थेवर अशी अनेक अवजारे चालतात. तेथे आज्ञावली मुक्त परवान्याखाली ठेवण्याचे बंधन आहे; बेवारस अवजार दुसऱ्याने दत्तक घेण्याचा नियमही आहे. ही दृष्टी योग्यच होय. मात्र नियमाने वारस नेमता येतो, घडविता येत नाही. परवाना सर्वांचा आणि किल्ली एकाच्या कमरेला, ही सामुदायिक मालकी नव्हे.

नवे घडविणाऱ्याचा सत्कार होतो. जुन्यातील दोष वर्षानुवर्षे काढणाऱ्याच्या वाट्याला तक्रारीच येतात. म्हणून प्रत्येक अवजाराला किमान दोन राखणदार हवेत, कामाची लेखी टिपणे हवीत आणि थकलेल्याला मानाने निवृत्त होता आले पाहिजे. एकाच कार्यकर्त्याच्या त्यागावर चालणारे काम त्याच्या आजारपणाबरोबर अंथरुणाला खिळते, हे आपल्याला संगणकाने शिकवायला हवे होते काय?