सीएनजीचा हिशेब विहिरीपासून मांडा

पुण्यातल्या रिक्षा सीएनजीवर आल्या, पीएमपीच्या बसही मोठ्या संख्येने आल्या. डिझेलचा काळा धूर आठवला तर हे योग्यच झाले. मात्र ‘स्वच्छ इंधन’ हे प्रमाणपत्र आपण गाडीच्या सायलेन्सरकडे पाहून देऊन टाकले. शहरी वायुवितरणाला मिळणाऱ्या देशी वायूचा मोठा स्रोत म्हणजे ओएनजीसीची जुनी क्षेत्रे, आणि त्यांपैकीच एक म्हणजे मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात असलेले मुंबई हाय. तिथे १९७४ मध्ये तेल लागले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. किनाऱ्यापर्यंत वाहिनी येईपर्यंत तेलासोबत निघणारा वायू जागीच जाळावा लागे. आज तो वायू उरणला येतो, तरी ‘फ्लेअर’ची ज्वाला हा या उद्योगाचा भाग राहिलाच आहे. जागतिक बँकेच्या उपग्रहाधारित अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे १४८ अब्ज घनमीटर वायू असा जाळला गेला.

जळला म्हणजे संपला, असेही नाही. ज्वालेत वायूतला ९८ टक्के मिथेन नष्ट होतो असे उद्योग धरून चालतो. अमेरिकेतल्या तीन मोठ्या तेलक्षेत्रांवर विमानातून केलेल्या आणि २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या मोजणीत हे प्रमाण जेमतेम ९१ टक्के भरले. काही ज्वाला विझलेल्याच होत्या, वायू सरळ हवेत चालला होता. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता धरतो, शिवाय जमिनीलगतच्या ओझोनलाही हातभार लावतो. आपल्या समुद्रातल्या ज्वाला यापेक्षा चांगल्या जळत असतील; पण ‘असतील’वर इंधनधोरण ठरवायचे का?

यावर कोणी म्हणेल, इतक्या लांबचा धूर पुण्यात थोडाच येतो? काजळीपुरते ते मान्य करू. मिथेनला मात्र जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अचानक दाब वाढला तर वायू जाळणे हाच सुरक्षित मार्ग असतो. उरणच्या प्रकल्पात सप्टेंबर २०१९ मध्ये आग लागून चौघांचा जीव गेला, तेव्हा सुरक्षिततेची किंमत कोणाला समजावून सांगायला नको. म्हणूनच आणीबाणीतले जाळणे आणि सोय नाही म्हणून रोजचे जाळणे यांचे आकडे वेगळे हवेत, आणि तेही क्षेत्रनिहाय. ‘मग डिझेलवर परत जायचे का?’ हा प्रश्न तर गैरलागू आहे. निवड आता सीएनजी आणि विजेच्या बसमध्ये आहे. वीज कोळशाची, असे म्हणताना आपण औष्णिक केंद्राच्या धुराड्यापर्यंत जातो. सीएनजीचा विषय निघाला की पंपावरच थांबतो.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने शहराच्या प्रदूषणस्रोतांची तपशीलवार नोंद केली आहे. तिची चौकट स्वाभाविकच शहराची. त्यापुढचा हिशेब वायू विकत घेणाऱ्याने मागायचा असतो. पीएमपी मोठी ग्राहक आहे. पुरवठ्याचा पुढचा करार करताना विहिरीपासून पंपापर्यंतच्या गळतीचे आणि जाळलेल्या वायूचे आकडे देण्याची अट तिने घालावी, आणि नव्या बस घेण्याच्या प्रस्तावात ते आकडे विजेच्या हिशेबाशेजारी छापावेत.